एक्कावन्न सेकंद

म्हसळ्याला एस.टी. स्टँडसमोर, चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला या दोघांच्या मध्ये एक अरुंद गाळा आहे. पाटीवर लिहिलंय: ‘शिगवण व्हिडिओ. लग्न, हळद, बारसं, दहावं. लाईव्ह करून मिळेल.’ यातलं ‘दहावं’ नंतर वेगळ्या रंगात घुसडलंय, कारण गिऱ्हाइकांनीच तशी मागणी केली. ज्यांना याचं हसू येतं त्यांनी आधी आपल्या घरातली किती माणसं गावात उरली आहेत ते बघावं, मग हसावं.

गाळ्याचा मालक सदा शिगवण. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने किरकोळ, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता खांद्याकडे बघणारा. दहावीत इंग्रजीने दोनदा अडवलं म्हणून बापाने त्याला मुंबईत एका फोटो स्टुडिओत चिकटवून दिलं. तिथे चार वर्षं मांडवामांडवांतून लाइट धरून उभा राहिल्यावर त्याने मालकाचा जुना व्हीएचएस कॅमेरा घेतला आणि गावाकडे परतला. खांद्यावर रेडकू घ्यावं तसा तो कॅमेरा घेऊन तळा गावापासून दिघीपर्यंत त्याने लग्नं काढली. या पट्ट्यात आज ज्यांची मुलं कॉलेजात आहेत त्यांच्या लग्नाच्या कॅसेटी त्याच्याच हातच्या. त्यातल्या निम्म्या खाऱ्या हवेने बुरसल्या, तो काही त्याचा दोष नव्हे.

पुढे कॅसेटी गेल्या, सीडी आल्या. सदाने सगळ्यांसारखंच मुंबईच्या फुटपाथवरून एडिटिंगचं चोरीचं सॉफ्टवेअर आणलं. ते दोन वर्षं नीट चाललं आणि एका वैशाखात अकरा लग्नं पोटात घेऊन बसलं ते बसलंच. एका मुलीचा बाप दुकानात येऊन हात जोडून म्हणाला, “बाकी जाऊ द्या, पाठवणीचं तेवढं तरी काढून द्या हो.” त्याने शिव्या घातल्या असत्या तर सदाला परवडलं असतं.

त्यानंतर कुठल्याशा लग्नाच्या वऱ्हाडातल्या एका इंजिनियरने त्याला फुकटच्या सॉफ्टवेअरांची ओळख करून दिली. चोरीचं नव्हे, फुकट. जगभरच्या लोकांनी आपापल्या घरी बसून लिहिलेलं, ज्याला हवं त्याने घ्यावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं. त्यातलं एक होतं व्हिडिओ कापायचं-जोडायचं, एफएफएमपेग. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. एक काळी खिडकी उघडते, तिच्यात इंग्रजीतून हुकूम टाइप करायचा आणि गप्प बसायचं. दहावीला इंग्रजीत आपटलेल्या माणसाने ते शिकावं हा खरं तर चमत्कार, पण सदाला चिकाटी होती. त्याने दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर हुकूम, अक्षर न् अक्षर उतरवलेला, उजव्या पानावर मराठीत टिपण: ‘ही रेघ विसरलास तर तोंड आधी हलेल आणि आवाज मागून येईल.’

“फुकट देतात?” त्याची बायको नूतन म्हणाली. “मग त्यांच्या पोटाचं काय?”

“पोटासाठी दुसरं करतात. हे आपलं हौसेनं.”

“म्हणजे तुमच्यासारखेच.”

पण उपयोग झाला. कुवेतहून आलेल्या फोनमधला व्हिडिओ असो, कोणाच्या मेलेल्या बापाचा आवाज असलेली ओरखडलेली सीडी असो, बाकीची दुकानं हात वर करायची, सदा ते चालू करून द्यायचा. त्यातून लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला. लाईव्ह त्यानंतरचं. तेही तसल्याच एका फुकटच्या सॉफ्टवेअरवर. कॅमेरा लॅपटॉपला जोडायचा, लॅपटॉप फोनच्या इंटरनेटला, की खाडीकाठचा गोंधळ मस्कतला दिसतो. म्हणजे दिसायला हवा.

आता मुद्द्याचं.

दिघीच्या अलीकडे खाडीला लागून खारवाडी आहे. तिथला बाळाजी माघात गेला. वय चौऱ्याऐंशी, दोन एकर भात, थोडी सुपारीची वाडी, कौलारू घर आणि अतोनात हट्टी स्वभाव. मागे दोन मुलं. थोरली सुचिता, सेहेचाळीस वर्षांची. लग्न होऊन दोन वर्षांत परत आली ती पुन्हा गेली नाही. गावच्या अंगणवाडीत सेविका म्हणून लागली आणि शेवटची सहा वर्षं बापाचं हगणं-मुतणं तिनेच केलं. हे शब्द वाचायला बरे वाटत नसले तरी करायला त्याहून वाईट असतं. धाकटा निकेत मस्कतला एका कारखान्यात सुपरवायझर. बायको आणि मुलगी उलव्याच्या फ्लॅटमध्ये. मुलगा वाईट नाही. दर आठवड्याला फोन करायचा, औषधं पाठवायचा. पण बाप गेला तेव्हा कारखान्याची मोठी दुरुस्ती काढलेली आणि रजा काही मिळेना. अग्नी चुकलाच. दहाव्याला तरी आपण असावं म्हणून त्याने सदाला फोन केला.

“सदादा, मला एक सेकंदसुद्धा चुकवायचा नाही.”

“चिंताच सोडा,” सदा म्हणाला. “इकडे कावळा शिवला की तिकडे तुम्हाला दिसला. लाईव्ह म्हणजे लाईव्ह.”

हे खरं नव्हतं. लाईव्ह नेहमीच दहा-बारा सेकंद मागे असतं हे सदाला पक्कं माहीत होतं. चित्र दाबून बारीक करायचं, पाठवायचं, तिकडे ते पुन्हा फुगवायचं, याला वेळ लागतोच. पण रडवेल्या माणसाला हे कुठे सांगत बसा? दहा सेकंदांनी कोणाचं काय बिघडतंय?

शिवाय त्या दहा-बाराच्या जोडीला आणखी चाळीस होते, ते मात्र सदाच्या डोक्यातूनच गेलेले. आदल्या रविवारी त्याने टेनिस क्रिकेटची स्पर्धा लाईव्ह केली होती. तिथला समालोचक केतन रंगात आला की त्याच्या जिभेला हाड राहत नाही. मागच्या वर्षी त्याने पंचाच्या आईचा उद्धार केला तो चार देशांत ऐकू गेला. म्हणून आयोजकांनी सदाला विनंती केली, की चित्र थोडं अडवून सोडा, म्हणजे केतन घसरला तर आवाज कापता येईल. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. एक चौकोन, त्यात सेकंद लिहायचे. सदाने चाळीस लिहिले. मग बक्षिसं झाली, भाषणं झाली, जनरेटर गाडीत चढवला, आणि चौकोनातले चाळीस चौकोनातच राहिले.

दहाव्याच्या दिवशी सकाळी नऊलाच खाडीच्या घाटावर साठेक माणसं जमली. घाट म्हणजे चार पायऱ्या आणि एक सपाट दगड. बाळाजीचा धाकटा भाऊ तुकाराम विधीला बसलेला. सदाने माइक भटजींच्या उपरण्याला लावला, म्हणजे मंत्र नीट जावेत, आणि कॅमेरा दगडावर धरला. तुकारामकाका एका हातात फोन धरून निकेतशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. काकाचं आणि सदाचं इंटरनेट एकाच टॉवरवरून, तेही खाडीकाठी. दोन्ही चित्रं अडखळायला लागली.

“काका, तो फोन ठेवा,” सदा ओरडला. “नायतर लाईव्ह तुटंल.”

काकाने फोन ठेवला. आता निकेतकडे फक्त पडदा राहिला आणि पडद्याच्या बाजूला दोन ओळी लिहायची जागा.

पिंड दगडावर ठेवला आणि सगळे मागे सरले. समोरच्या उंडीच्या झाडावर सात-आठ कावळे होते. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं आणि तिथेच बसून राहिले. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

“दादा,” काकाने हात जोडले, “तुजी लेक ती आमची लेक. तिला काय कमी पडू देनार न्हाय.”

एक कावळा या फांदीवरून त्या फांदीवर गेला. बस.

“बांदाचा तंटा मी मिटवला समज!” मागून कोणी भाऊबंद ओरडला.

“आता बोलतोय. जित्तेपणी बारा वर्सं भांडला,” एक म्हातारी पुटपुटली, आणि मग मोठ्याने, “चा ठेवा रं कोनीतरी. चा बिगर त्याचं पान हालत नव्हतं.”

चहा आला, तंबाखू आली, चुन्याची डबीसुद्धा आली. कावळे ढिम्म. भटजींनी मनगटाकडे पाहिलं. “मला अकराला म्हसळ्यात आणखी एक आहे. दर्भाचा कावळा करून घ्यायचा का?”

“थांबा वो भटजी. म्हातारा लई हटवादी व्हता. तुमचं घड्याळ त्यो बघनार न्हाय,” गर्दीतून कोणी म्हणालं.

लोक हसले. तेवढ्यात बायकांतून सुचिता पुढे आली. तिने चपला काढल्या, दगडापासून चार हातांवर उभी राहिली, कॅमेऱ्याकडे पाठ. सदा बाजूलाच होता, म्हणून त्याला ऐकू आलं. काकाला आणि पुढच्या चारपाच जणांनाही आलं.

“बाबा, मी हितनं कुठं जायाची न्हाय. घर बंद पडू देनार न्हाय. तुमी जावा आता.”

तिने हात जोडले. कावळा सरळ खाली आला. उंडीवरून दगडावर, मध्ये कुठे थांबला नाही. चोच मारली, घास घेतला, उडाला.

“शिवला! शिवला!” एकच गलका. बायका रडल्या, काकाने डोळे पुसले, सदाच्या दंडावर काटा आला. सुचिता तिथेच खाली बसली. तीस वर्षांत सदाने पुष्कळ पाहिलं होतं. पण माणूस बोललं आणि उत्तर आलं, असं इतकं ठसठशीत कधी पाहिलं नव्हतं.

दोन मिनिटांनी काकाचा फोन वाजला. निकेत हमसून हमसून रडत होता. “काका, ऐकलं हो बाबांनी! माझं ऐकलं!”

“व्हय व्हय,” काका म्हणाला. कावळा शिवला याचा आनंद आहे, एवढंच तो समजला.

निकेत काय म्हणत होता ते तेराव्यानंतर कळलं. त्याने सदाला फोन केला. “त्या वेळचा तेवढा तुकडा कापून द्या. कावळा येतो तो. आणि त्याच्यावर माझा मेसेज दिसला पाहिजे, मी बाजूला टाकला होता तो.”

मेसेज असा होता: ‘बाबा ताईला मी माझ्याकडे नेतो. तिला एकटीला गावात ठेवणार नाही. घर-वाडी विकून तिच्या नावावर पैसे ठेवतो. तुम्ही काळजी करू नका.’

सदा काळी खिडकी उघडून बसला. कॅमेऱ्यातलं मूळ चित्रण होतं, त्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ. कावळा शिवला तो नऊ सत्तेचाळीस आणि बारा सेकंदांनी. निकेतचा मेसेज बरोबर नऊ अठ्ठेचाळीसला. सदाने पुन्हा पाहिलं. म्हणजे मेसेज आला तेव्हा कावळा घास घेऊन उडाल्याला पाऊण मिनिट होऊन गेलेलं. मग निकेतला असं कसं वाटलं? त्याने लाईव्हचं सॉफ्टवेअर उघडलं, आणि त्या चौकोनातले चाळीस त्याच्याकडे बघत बसलेले दिसले.

बाजूच्या गल्लीतून नूतन जेवायला बोलवायला आली तर हा डोकं धरून बसलेला.

“काय झालं?”

“मी घोळ घातला.” त्याने सगळं सांगितलं. “निकेतनं बोट टेकवलं आणि दोन-चार सेकंदांत त्याच्या पडद्यावर कावळा बसला. त्याला वाटलं बापानं ऐकलं. कावळा कधीच येऊन गेला होता. सुचिताताईच्या शब्दाला.”

“मग सांगा ना त्याला. इथं माझ्यापुढं काय बोलताय?”

सांगण्याआधी सदाला खात्री करून घ्यायची होती. पुढच्या माणसाने बोट ठेवायला जागा उरता कामा नये. ती फुकटची सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्यांची इंटरनेटवर एक पत्रांची जागा आहे. त्याने कावळ्याचं चित्रण जोडून मोडक्या इंग्रजीत तिथे विचारलं: एक पक्षी माझ्या कॅमेऱ्यात अमुक वेळेला उतरतो, तर लांबच्या पडद्यावर तो नेमका कधी उतरेल, हे कसं काढायचं? पिंड, दहावं, बाप, बहीण हे त्या परक्या लोकांना काय सांगणार. वीस मिनिटांत कुठल्याशा थंड देशातल्या माणसाचं उत्तर आलं, रीतसर, पायरी पायरीने. हिशेब करून सदाने आकडा काढला. एक्कावन्न सेकंद. उत्तराच्या शेवटी त्या माणसाने लिहिलं होतं: ‘पक्षी छान आहे.’

या सगळ्या प्रकरणात सदाचं म्हणणं पुरतं ऐकून घेणारा तो एकटाच.

निकेतला त्याने फोन केला. चौकोन, चाळीस, क्रिकेट, केतनची जीभ, काही लपवलं नाही. चूक माझी, असं चारदा म्हणाला. 

“सदादा, तुम्हीच म्हणाला होतात, लाईव्ह म्हणजे लाईव्ह.”

“म्हणालो होतो. चुकलो.”

“तेव्हा लाईव्ह होतं, आता मागे होतं. उद्या म्हणाल कावळाही तुमचाच होता.”

“निकेत, घड्याळ आहे त्याच्यावर. पाठवतो, बघा तरी.”

“बघायचं काय? टाइप मी तेव्हा केलं. मनात आदल्या रात्रीपासून होतं. झोपलो नव्हतो मी. बाबांना माझं टाइप केलेलं वाचायला लागतं का?” त्याचा आवाज फाटला. “सहा वर्षं ती एकटी मरत होती आणि मी इथून औषधं पाठवत होतो. आता तरी मला काहीतरी करू द्या ना.”

कॅमेऱ्याला घड्याळ असतं, मनाला नसतं. आणि माणूस खोटंही बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्याला धरता येतं.

तो तुकडा सदाने दिला नाही. त्याने काही अडलं नाही. निकेतने स्वतःच्या फोनवर पडदा रेकॉर्ड केलेला होता. बाजूला मेसेज उमटतो, सुचिता हात जोडते, कावळा येतो. माइक भटजींच्या उपरण्याला होता, म्हणून वारा आणि त्यांचं खाकरणं याखेरीज आवाज नाही, सुचिताचं बोलणं त्यात आलंच नाही. तो भावकीच्या ग्रुपवर गेला, तिथून गावाच्या, तिथून मुंबई मंडळाच्या. लोकांनी रडून रडून पुढे पाठवला. सदाने घड्याळासकटचं मूळ चित्रणही ग्रुपवर टाकलं. त्याला तीन जणांनी अंगठा दाखवला आणि एकाने विचारलं, हेच पुन्हा का टाकलं?

मग तो खारवाडीला गेला, तुकारामकाकाकडे. काका अंगणात दोरी वळत बसलेला.

“काका, तुम्ही चार हातांवर होतात. सुचिताताई काय बोलली ते तुम्ही ऐकलंत.”

“ऐकला ना.”

“आणि कावळा लगेच आला.”

“आला.”

“मग निकेतला सांगा.”

काकाने दोरीला पीळ घातला. “सदा, त्यो व्हिडिओ मी धा वेळा बगितला. आता माज्या डोल्यासमोर त्योच येतो. दोगांचा बी ऐकला आसल दादानं. बाप त्यो. आनि मी मदी पडून त्या पोराशी वाकडा कशाला घेव? माजा नातू लावायचा हाय त्याच्या कंपनीत.”

हे शेवटचं तो खरं बोलला, एवढं त्याचं श्रेय. बाकीच्या गावाने तर तेही केलं नाही. पंधरा दिवसांत घाटावर जातीने हजर असलेल्यांनाही फोनमधलंच आठवायला लागलं. आपण ‘शिवला’ म्हणून ओरडलो तेव्हा निकेतचा मेसेज येऊन गेला होता, असं शपथेवर सांगणारे निघाले. डोळ्यांनी एकदा पाहिलेलं आणि फोनवर वीसदा पाहिलेलं, यांत कोण टिकणार?

शेवटी सदा सुचिताकडे गेला. खरं तर आधी तिच्याकडेच जायला हवं होतं, पण तिला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. अंगणवाडी सुटलेली. ती ओट्यावर पोषण आहाराची पातेली पालथी घालत होती. निकेतने तिला कळवलं होतं: वाडीला गिऱ्हाईक बघतोय, मे महिन्यात येतो, नोकरीचा राजीनामा देऊन ठेव, उलव्याला तुझी खोली तयार करायला घेतलीय.

सदाने लॅपटॉप उघडून तिला मूळ चित्रण दाखवलं. घड्याळ दाखवलं. मेसेजची वेळ दाखवली. तिने पदराने हात पुसले आणि सगळं नीट पाहिलं.

“म्हणजे मी बोलले तेव्हा आला.”

“तुम्ही बोललात तेव्हाच आला, ताई. हे कोणाला खोडता येणार नाही. तुम्ही निकेतला सांगा की मी जात नाही. माझी साक्ष काढा, मी कुठंही येऊन सांगतो.”

कोंबडी पातेल्यात तोंड घालत होती, तिला सुचिताने हुसकलं.

“सदाभाऊ, तुम्ही दरवेळी हे असं चाळीस सेकंद विसरता का?”

“नाही हो. पहिल्यांदाच. तीस वर्षांत अशी चूक नाही झाली.”

“मग त्याच दिवशी कशी झाली?”

सदाने चित्रण मागे नेऊन पुन्हा कावळ्यावर थांबवलं.

“तेच डोक्यात येतं,” ती म्हणाली. “बाबांना दोघांना दोन सांगायचं आसल तर? मला ‘ऱ्हा’ म्हनाले आनि त्याला ‘ने’ म्हनाले. तुमची चूक तुमची नसंलच तर?”

“ताई, तो सॉफ्टवेअरमधला एक आकडा आहे! मी लिहिला, मी पुसायला विसरलो. त्याच्यात बाबा कुठून आले?”

“कावळ्यात कुठनं येतात?”

सदाने लॅपटॉप मिटला. इथून पुढे कुठल्याही वहीत हुकूम नव्हता.

“मी हट्टानं ऱ्हायले,” ती हळू बोलत राहिली, “आनि बाबांचा जीव निकेतच्या शब्दात अडकलेला असला तर? मी ऱ्हाऊन मोकळी, त्यो अडकून बसंल. सा वर्सं काढली त्येच्यासाठी. आता शेवटाला त्येला टांगून ठेवू?”

“आणि उलट असलं तर? तुमच्या शब्दात अडकलेला असला तर?”

“माजा शब्द मोडला तर पाप माज्या एकटीला,” ती म्हणाली. जणू हे फार पूर्वीच ठरलेलं होतं.

चिडायला हवं होतं. कोणीतरी तिचे खांदे धरून गदागदा हलवायला हवं होतं. सदाला ते जमण्यासारखं नव्हतं. घरी येऊन त्याने नूतनला सांगितलं तेव्हा ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून म्हणाली, “मूर्ख बाई! स्वतःचं घर, स्वतःची नोकरी, आणि पाप कोणाला लागतं ते मोजत बसलीय. मी जाते उद्या.” आणि गेलीही. दोन तास बोलली. सुचिताने तिला चहा दिला, घरच्या सुपाऱ्या बांधून दिल्या, आणि राजीनामा आधीच तालुक्याला पोचला असल्याचं सांगितलं.

मे महिन्यात निकेत आला. वाळला होता. आल्या आल्या बहिणीच्या गळ्यात पडून रडला, गावात सगळ्यांच्या घरी गेला, सदाच्या दुकानातही आला. “राग नाही ना सदादा?” म्हणाला. त्याच्यावर रागावणं शक्यच नव्हतं, हीच तर अडचण. वाडी आणि घर पनवेलच्या कोणा माणसाने घेतलं. त्याला कौलं काढून वर स्लॅब टाकायची होती.

निघायच्या दिवशी त्यांनी आगरदांड्याच्या बाजूने जायचं ठरवलं. सदा मोटरसायकल घेऊन दिघीच्या जेट्टीवर गेला. का गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. फेरीबोट लागलेली होती, गाड्या एकेक करून आत चढत होत्या. निकेतची गाडी चौथी. मागच्या सीटवर सुचिता, मांडीवर पिशवी, पायाशी तुळशीची कुंडी. सदाला बघून तिने काच खाली केली.

“इतक्या लांब कशाला आलात?”

“असाच. काम होतं.”

पुढची गाडी हलली. निकेतने गिअर टाकला. सुचिता खिडकीतून थोडी वाकली आणि भावाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “सदाभाऊ, कावळा झाडावरनं उडाला तेव्हा माजं बोलून झालं होतं ना?”

“झालं होतं, ताई.”

“नक्की ना?”

“नक्की.”

तिने मान हलवली. पुढून निकेत म्हणाला, “ताई, काच वर घे, एसी लावलाय.” तिने काच वर घेतली. गाडी फळीवरून दणकत आत गेली, मागची तिच्या पाठीला लागली, आणि मग कुठली त्यांची ते सदाला ओळखू येईना.